वेदनेची कळ

मराठीतला ‘कळ’ हा शब्द मोठा मौजेचा आहे. पोटात उठते ती कळ, आणि दिवा लावण्यासाठी भिंतीवर दाबतो तीही कळच. पहिली सोसावी लागते. दुसरी नुसती दाबली की काम होते. पहिलीवर आपला ताबा नाही. दुसरी सर्वस्वी आपल्या हातातली. हे दोन शब्द मुळात एक की निराळे, हा वाद भाषाशास्त्राच्या अभ्यासकांवर सोपवू. परंतु गेल्या वीस वर्षांत जीवशास्त्रात जे घडले ते वाचताना हे दोन अर्थ एकमेकांच्या फार जवळ येऊन ठेपले आहेत, असे मला सारखे वाटत राहिले. शरीरात उठणारी कळ जिथून चालू वा बंद करता येईल अशी एक कळ शास्त्रज्ञांना सापडली आहे. ती आपल्या जनुकांत आहे. उंदरांच्या बाबतीत ती दाबूनही पाहिली गेली आहे.

मी कलाशाखेची विद्यार्थिनी. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेबरोबरच सुटला. मग या विषयात मी का पडावे? माझे उत्तर असे की, जनुक कसे बदलावे हे विज्ञानशाखेने पाहावे. पण वेदना नाहीशी करावी का, कोणाची करावी आणि किती करावी, हे प्रश्न मानसशास्त्राचे, तत्त्वज्ञानाचे, अर्थशास्त्राचे आणि साहित्याचेही आहेत. ते आपल्या दाराशी येऊन उभे राहण्याआधी मूळ प्रकार काय आहे तो समजून घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

वेदना म्हणजे जाणणे

दुखण्याला आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. गळू ठणकते, पिकलेले बोट ठसठसते, दाढेतून सणक जाते, पाठीत चमक भरते, पोटात मुरडा येतो, पोटरीत गोळा येतो, मिरची कुटलेला हात झोंबतो, भाजलेल्या जागेची आग होते आणि खरचटलेली जागा हुळहुळते. या सगळ्यांना पोटात घेणारा संस्कृत शब्द म्हणजे ‘वेदना’. त्याचा धातू ‘विद्’, म्हणजे जाणणे. ‘वेद’, ‘विद्या’, ‘विद्वान’ ही सारी त्याच घराण्यातली मंडळी. बौद्ध विचारात तर वेदना म्हणजे केवळ दुःख नव्हे. सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशी कोणतीही अनुभूती ही वेदनाच. शरीराने काहीतरी जाणले, हा तिचा मूळ अर्थ. आजचे शरीरशास्त्रही याहून फारसे निराळे सांगत नाही.

बोटाला काटा टोचला म्हणजे काय होते? त्वचेत मज्जातंतूंची सूक्ष्म टोके पसरलेली असतात. त्यांतील काही टोके इजेची वर्दी देण्याच्याच कामावर नेमलेली असतात. या पेशींची ठाणी असतात कण्याच्या दोन्ही अंगांना, मज्जारज्जूलगतच्या लहान लहान गाठींत. पायाच्या अंगठ्यातले टोक आणि कमरेजवळचे ठाणे ही एकाच पेशीची अंगे असतात. म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या जाडीची, पण मीटरभर लांबीची ही पेशी! तिच्यातून वर्दी जाते ती विजेच्या स्पंदाच्या रूपाने. पेशीच्या पापुद्र्यात प्रथिनांची बनलेली इवली इवली दारे असतात. इजा झाली की दार उघडते, बाहेरचे सोडियमचे कण आत घुसतात, तेथला विद्युत्भार पालटतो, त्यामुळे शेजारचे दार उघडते, मग त्याच्या शेजारचे. रांगेत उभ्या केलेल्या विटांपैकी पहिली पाडावी आणि पाहता पाहता शेवटची पडावी, तसा हा प्रकार. वर्दी मज्जारज्जूत पोचते, तेथून मेंदूत जाते, आणि मेंदूत गेल्यावरच तिचे ‘दुखणे’ होते.

माणसाच्या शरीरात सोडियमची ही दारे नऊ प्रकारची आहेत. काही मेंदूत, काही स्नायूंत, तर एक मुख्यतः हृदयात. आपल्या गोष्टीतले दार सातव्या क्रमांकाचे. त्याचे शास्त्रीय नाव ‘एनएव्ही १.७’. वेदनेची वर्दी देणाऱ्या तंतूंत ते विपुल असते. लहानशा चाहुलीलाही ते जागे होते आणि त्या चाहुलीचा आवाज वाढवून पुढे पाठवते. हे दार कसे बनवायचे याची कृती दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरील एका जनुकात लिहिलेली आहे. त्या जनुकाचे नाव ‘एससीएन९ए’. नाव रुक्ष आहे. पण त्याची हकीकत मात्र रुक्ष नाही.

लाहोरचा मुलगा

पाकिस्तानात लाहोर येथे दहा वर्षांचा एक मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवीत असे. तो स्वतःच्या दंडातून सुरी आरपार घाली, निखाऱ्यांवरून चाले. लोक पैसे टाकीत. त्यात हातचलाखी काही नव्हती. सुरी खरी होती, रक्त खरे होते. फक्त त्याला दुखत नव्हते. जखमा बांधून घेण्यासाठी तो इस्पितळात येई, त्यामुळे तेथील डॉक्टरांना तो चांगला ठाऊक होता. इंग्लंडमधील केंब्रिजचे जनुकतज्ज्ञ जेफ्री वुड्स यांना त्याच्याविषयी कळले. परंतु त्याची तपासणी होण्याआधीच, आपल्या चौदाव्या वाढदिवशी, त्याने एका घराच्या छपरावरून उडी मारली आणि त्यात तो गेला. उंचीचे भय आपल्याला वाटते ते पडल्यावर लागते म्हणून. त्याला ते कधी लागलेच नव्हते.

उत्तर पाकिस्तानातील आणखी तीन कुटुंबांतील अशा सहा मुलांचा मग अभ्यास झाला आणि २००६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. ही मुले बुद्धीने चांगली होती. त्यांना स्पर्श कळे, थंड-गरम कळे, गुदगुल्या होत. फक्त वेदना कळत नसे. पण त्यांची शरीरे पाहिली तर काय? सहाही मुलांच्या ओठांना वा जिभेला त्यांनी स्वतःच घेतलेल्या चाव्यांच्या इजा होत्या. दोघांच्या जिभेचा पुढचा तिसरा हिस्सा नाहीसा झालेला होता. बहुतेकांची हाडे कधी ना कधी मोडलेली वा आतून कुजलेली होती. आणि ती मोडल्याचे कोणालाही, खुद्द त्यांनाही, वेळेवर समजले नव्हते. मूल लंगडते आहे हे पाहून मागाहून शोध लागे. या सर्वांत ‘एससीएन९ए’ हे जनुक बिघडलेले होते. कृतीतले वाक्य मध्येच तुटले होते, म्हणून ते सातवे दार बनतच नव्हते.

न दुखणे म्हणजे सुख, असा आपला समज असतो. त्या समजाचा फोलपणा महाराष्ट्राला वस्तुतः फार पूर्वीपासून ठाऊक असायला हवा. वरोऱ्याजवळचे आनंदवन आपण सर्वजण जाणतो. कुष्ठरोग्याची बोटे झडतात ती रोगजंतूंनी मांस खाल्ल्यामुळे, असे पूर्वी सर्रास मानले जाई. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली रुजू झालेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी हे चूक असल्याचे दाखवून दिले. ब्रँड यांचा जन्म तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. त्यांच्या ध्यानात आले की, कुष्ठरोगाचे जंतू हातापायांचे मज्जातंतू मारतात. पुढची सगळी नासधूस होते ती वेदना न कळल्यामुळे. रोगी चुलीवरचे भांडे उघड्या हाताने उचलतो, चपलेतला खिळा पायात घुसला तरी दिवसभर चालतो. काहींची बोटे रात्रीतून नाहीशी होत. पाळत ठेवल्यावर दिसले की, ती उंदीर कुरतडीत आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नसे. तेव्हापासून ब्रँड यांनी रोग्यांना मांजरे पाळायला दिली. वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे, हे याहून स्पष्टपणे कोणत्या ग्रंथाने सांगावे?

पहारेकरी बिथरतो तेव्हा

मग वेदनेची स्तुती करून हा लेख येथेच संपवावा काय? तसे करणाऱ्यांची संख्या इतिहासात कमी नाही. १८४७ साली एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली, तेव्हा ‘स्त्रीने वेदना सोसूनच प्रसवावे अशी ईश्वरी आज्ञा आहे’ असे म्हणणारे उठलेच. १८५३ मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीने प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म घेतला, त्यानंतर हा विरोध बराच ओसरला. वेदनेचे गोडवे गाणारे बहुधा ती न सोसणारेच असतात. ‘ज्याचे जळते त्याला कळते’ ही म्हण उगीच पडलेली नाही.

माझ्या आजीला कमरेवर नागीण उठली होती. नागिणीचे तोंड आणि शेपटी कमरेभोवती एकत्र आली की माणूस दगावतो, अशी समजूत आमच्या गावाकडे आहे. तसे काही झाले नाही. पंधरा-वीस दिवसांत फोड सुकले, खपल्या पडल्या, कातडी जवळजवळ पूर्ववत झाली. पण आग राहिली. लुगड्याचा काठ घासला तरी ती कळवळायची. पंख्याचा वारा तिला सोसत नसे. तालुक्याच्या एका दवाखान्यात तिला सांगण्यात आले की, आता कातडीवर काही नाही, दुखते ते मनातले आहे. आजी घरी येऊन एवढेच म्हणाली, “मन कमरेत असतं हे मला आजच कळलं.” पुढची चार वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, ती एका कुशीवर निजली.

पुढे वाचनात आले तेव्हा उलगडा झाला. नागिणीचा विषाणू मज्जापेशींच्या त्या कण्यालगतच्या ठाण्यांतच दडून बसलेला असतो. तो उसळला की त्या तंतूंना इजा करतो, आणि फोड गेल्यावरही ते तंतू खोट्या वर्द्या देत राहतात. चोर केव्हाच निघून गेला आहे आणि पहारेकरी मात्र रात्रंदिवस ‘चोर, चोर’ म्हणून ओरडतो आहे, अशी ही अवस्था. मधुमेहातील पायांची आग, कर्करोगावरील काही औषधांनी तळहात-तळपायांची होणारी आग, यांची जातकुळीही हीच. अशा वेदनेत जाणण्यासारखे काही उरलेले नसते. ती वर्दी नसते, तो स्वतःच एक रोग असतो.

आणि मौज अशी की, याचे टोकाचे उदाहरणही त्याच जनुकात सापडले. काही घराण्यांत हातपाय लाल होऊन त्यांची भयंकर आग होण्याचा आनुवंशिक विकार आहे. मोजे घालणे, थोडे चालणे, उबदार खोलीत बसणे एवढेही पुरते, आणि रोगी पाय बर्फाच्या पाण्यात बुडवून बसतात. २००४ मध्ये चीनमधील संशोधकांना असे आढळले की, या रोग्यांत ‘एससीएन९ए’ बदललेले असते. फरक इतकाच की, येथे ते दार नाहीसे झालेले नसते, तर फार सहज उघडते. एकच जनुक: एका बाजूला फिरले तर निखारा कळत नाही, दुसऱ्या बाजूला फिरले तर मोजाही निखारा होतो. ‘कळ’ म्हणतात ती हीच.

कळ दाबायची कशी?

साहजिकच औषध बनविणाऱ्यांनी सातवे दार अडविणाऱ्या गोळ्यांच्या मागे धाव घेतली. दात काढताना डॉक्टर जे इंजेक्शन देतात तेही सोडियमची दारेच बंद करते. पण ते सर्व प्रकारच्या दारांना सारखेच लेखते. म्हणून ते हिरडीपुरते ठीक. सर्व शरीरात भिनवले तर हृदय आणि मेंदू यांचीही दारे बंद होतील. नवांपैकी एकच दार अडवावे तर नऊही दारे भावंडांसारखी एकमेकांसारखी दिसतात. सातव्या दारावरची अनेक औषधे माणसांवरील चाचण्यांत अपेक्षेप्रमाणे उतरली नाहीत. आठव्या दारावरचे ‘सुझेट्रिजीन’ हे औषध मात्र जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. शस्त्रक्रियेनंतर होते तशा तात्पुरत्या वेदनेसाठी ते आहे, आणि अफूच्या कुळातील औषधांसारखे व्यसन लागण्याचा धोका त्यात नाही म्हणून त्याचे स्वागत झाले.

येथेच जनुकशास्त्र पुढे येते. दारे दिसायला सारखी असली तरी त्यांच्या कृती ज्या अक्षरांत लिहिल्या आहेत ती अक्षरे तितकी सारखी नाहीत. तेव्हा दार अडविण्याऐवजी त्याची कृतीच मिटून ठेवली तर? जनुकातील नेमकी जागा शोधून तेथे कात्री चालविणारे ‘क्रिस्पर’ हे तंत्र २०१२ मध्ये एमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांनी मांडले. त्यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु वेदनेच्या बाबतीत कात्री चालविणे धोक्याचे, कारण कापलेले पुन्हा जोडता येत नाही. लाहोरच्या मुलाचे उदाहरण डोळ्यांसमोर असताना कोणी कायमचे कापावे?

अमेरिकेतील सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रशांत माळी आणि आना मोरेनो यांच्या गटाने एक युक्ती काढली. त्यांनी कात्रीची धार काढून टाकली. ही बोथट कात्री नेमक्या जागी जाऊन बसते, पण कापीत नाही; तिच्यासोबत जोडलेला दुसरा एक रेणू त्या जनुकाला गप्प करतो. पुस्तकातले पान फाडायचे नाही, ते नुसते चिकटवून ठेवायचे, असे म्हणा. हा सरंजाम एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूत भरून उंदरांच्या कण्याभोवतालच्या द्रवात टोचला गेला, म्हणजे तो थेट त्या ठाण्यांजवळ पोचला. मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणे सुजेमुळे होणाऱ्या वेदनेत हा परिणाम ४४ आठवडे, तर कर्करोगाच्या औषधाने होणाऱ्या वेदनेत १५ आठवडे टिकला. उंदरांच्या हालचालींत बिघाड दिसला नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरेच. माणसातले सातवे दार वास कळण्यासाठीही लागते. ज्यांना ते जन्मतः नाही त्यांना गंधही नाही, हे २०११ मध्येच दिसून आले होते. म्हणूनच ‘कायमचे कापणे’ आणि ‘काही महिने मिटून ठेवणे’ यांतला फरक मला या संशोधनाचा गाभा वाटतो.

आनंदाचे रसायन

वेदनेची कळ एकच आहे असेही नाही. २०१९ मध्ये स्कॉटलंडमधील सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंची हकीकत प्रसिद्ध झाली. पासष्टाव्या वर्षी त्यांचा खुबा पार झिजलेला आढळला, आणि त्यांना त्याचा त्रास असा नव्हताच. पुढे हातावरची शस्त्रक्रिया झाली, ती अतिशय दुखणारी समजली जाते. पण बाईंनी वेदनाशामक औषध नको म्हटले. भूल देणाऱ्या डॉक्टरांना नवल वाटले आणि त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांना कळविले. स्वयंपाक करताना हात भाजला तर या बाईंना ते वासावरून समजे.

त्यांच्या शरीरात एका जनुकाजवळचा सुमारे आठ हजार अक्षरांचा तुकडा गळालेला होता. त्यामुळे एक विशिष्ट रसायन मोडून टाकणारे विकर कमी पडत होते आणि ते रसायन रक्तात वाढलेले होते. या रसायनाचे नाव ऐकून आपल्या कानांना ओळख पटेल: ‘आनंदामाइड’. १९९२ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात राफाएल मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत ते सापडले आणि त्याचे नामकरण संस्कृतातील ‘आनंद’ या शब्दावरून झाले. गांजाचा अंमल मेंदूत ज्या जागी चढतो, त्याच जागी शरीराने स्वतः बनविलेले हे द्रव्य काम करते. त्या बाईंना वेदना कमी, तशीच चिंता आणि भीतीही फार कमी. मात्र त्यांना विसर पडण्याची खोडही होती. आनंदाचीही काही किंमत मोजावी लागते ती अशी! हेच विकर अडविणाऱ्या एका औषधाच्या चाचणीत २०१६ च्या जानेवारीत फ्रान्समधील रेन येथे सहाजणांना इस्पितळात हलवावे लागले आणि त्यांतील एकाचा मृत्यू झाला. अशाच इतर औषधांनी मात्र असा अपाय केला नव्हता, तेव्हा दोष त्या एका औषधाचाही असेल. पण निसर्गाने एकीच्या बाबतीत जे केले ते आपणही सहज करू, असे समजू नये एवढे तरी त्यातून कळते.

आग विझवावी की घंटा बंद करावी?

आतापर्यंत आपण पहारेकऱ्याला गप्प करण्याचे मार्ग पाहिले. दुसराही मार्ग आहे: चोरालाच अडविणे. आणि जनुक बदलून माणसाची वेदना खरोखर कमी झाली आहे ती या दुसऱ्या मार्गाने.

सिकल सेल हा रोग विदर्भातील आणि सातपुड्यातील वाचकांना सांगावा लागू नये. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट येथील आदिवासी आणि विदर्भातील इतर काही समाजांत तो आढळतो. रक्तातील हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदललेले असते. तेवढ्याने तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांतून अशा कळा उठतात की पोर गडबडा लोळते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने या रोगावरील क्रिस्परच्या उपचाराला मान्यता दिली. ‘कॅसजेव्ही’ हे त्याचे नाव. रोग्याच्या मूलपेशी बाहेर काढतात, गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जे जनुक बंद करून ठेवते त्याला अटकाव करतात आणि त्या पेशी परत घालतात. निष्कर्ष काढण्याइतका काळ ज्यांना पाहता आले अशा ३१ रोग्यांपैकी २९ जणांना सलग वर्षभर तीव्र कळांचा एकही झटका आला नाही. येथे घंटा बंद केलेली नाही, आग विझविली आहे. वेदना जाण्याची याहून निर्दोष रीत कोणती?

दोष आहे तो किमतीत. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली; म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे १८ कोटी रुपये. दिल्लीच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ जिनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायोलॉजी’मधील संशोधक याच रोगावर देशी आणि स्वस्त क्रिस्पर उपचार घडविण्याच्या कामास लागले आहेत, ही त्यातल्या त्यात आशेची गोष्ट. तथापि जनुकापर्यंत कशाला जावे? अफूची कायदेशीर शेती मध्य प्रदेशात, राजस्थानात होते. पण १९८५ च्या कायद्याने तिच्यापासून बनणारे मॉर्फीन मिळवणे इतके किचकट झाले की, कर्करोगाने तळमळणाऱ्या असंख्य रोग्यांपर्यंत ते पोचलेच नाही. कायद्यात सुधारणा झाली ती २०१४ मध्ये. जी कळ दाबण्याचे साधन दोनशे वर्षांपासून जगाला ठाऊक आहे, तीसुद्धा गरिबाच्या हाताला लागत नाही. मग नवी कळ कोणाच्या हाताला लागेल?

कळ कोणाच्या हाती?

पॉल ब्रँड यांच्या आयुष्यातील आणखी एक प्रयोग येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. पुढे अमेरिकेत लुइझियाना राज्यातील कारव्हिल येथील कुष्ठरोग इस्पितळात असताना त्यांनी बधिर हातांसाठी कृत्रिम वेदना बनविण्याचा घाट घातला. हातमोज्यांत दाब ओळखणारी यंत्रे बसविली. दाब वाढला की आधी कानात आवाज होई. रोगी त्याकडे दुर्लक्ष करीत. मग शरीराचा जो भाग बधिर झालेला नाही तेथे विजेचा झटका देण्याची सोय केली. तेव्हा काय झाले? अवघड काम पुढे आले की, रोगी आधी यंत्र बंद करीत, काम उरकीत आणि मग यंत्र पुन्हा चालू करीत. ब्रँड यांनी अखेर तो नाद सोडला. वेदनेचा उपयोग व्हायचा तर तिची कळ माणसाच्या हाताबाहेर असावी लागते, या निष्कर्षावर ते आले.

मला वाटते, सगळ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. कळ माझ्या हाती आली तर मी ती चुकीच्या वेळी दाबीन. दुसऱ्याच्या हाती गेली तर? न दुखणारा सैनिक कोणत्या सेनापतीला नको असेल? बारा तास वाकून काम करूनही पाठ न दुखणारा मजूर कोणत्या मालकाला नको असेल? २००९ मध्ये अॅडम श्रायव्हर नावाच्या तत्त्वज्ञाने तर असे सुचविले की, कारखानी पद्धतीने पाळल्या जाणाऱ्या जनावरांत जनुक बदलून त्यांची वेदनेची यातना कमी करावी. हेतू दयेचा आहे. परंतु कोंडवाडा तसाच ठेवून कोंडलेल्याची जाणीव काढून घेणे याला दया म्हणावे की सोय? हाच न्याय उद्या माणसाला लावला गेला तर?

म्हणून मी माझ्यापुरते तीन दंडक ठरविले आहेत. वाचकांनी ते तपासून पाहावेत. ज्या वेदनेला काही सांगायचे आहे तिचे आधी ऐकावे, आणि शक्य तेथे आगच विझवावी. जी वेदना, माझ्या आजीच्या कमरेतल्यासारखी, काहीच न सांगता नुसती जाळीत राहते, ती बंद करायला क्षणाचाही विलंब लावू नये. मात्र ती त्या माणसाच्या संमतीने, लागेल तितक्याच जागी आणि परत फिरता येईल अशा रीतीने बंद करावी. आणि जो अजून जन्मालाच आलेला नाही, ज्याला विचारता येत नाही, त्याची कळ कोणीही दाबू नये. चीनमध्ये २०१८ साली जनुके बदललेल्या जुळ्या मुली जन्माला आल्या, आणि तो प्रयोग करणाऱ्याला पुढल्या वर्षी तुरुंगवासाची शिक्षा झाली. तो प्रयोग वेदनेचा नव्हता. पण वाट तीच आहे.

आता एक शेवटची गोष्ट. वेदना गेली तर दुसऱ्याचे दुःख कळेल का, अशी शंका साहित्याच्या विद्यार्थ्याला येणारच. क्रौंच पक्ष्याचा वध पाहून वाल्मीकींना श्लोक सुचला, ही आपल्या काव्याची जन्मकथा आहे. फ्रान्समधील निकोला दांझिजे आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये जन्मतः वेदना न कळणाऱ्या बारा जणांवर हाच प्रश्न तपासला. दुसऱ्याच्या हातापायाला लागते आहे एवढेच दाखविले, तर या लोकांना त्या दुखण्याचा पुरता अंदाज येत नसे. पण दुखणाऱ्या माणसाचा चेहरा दाखविला की, ते इतरांइतकेच अचूक ओळखीत. आणि ज्याचा स्वभाव जितका कनवाळू तितका त्याचा अंदाज खरा.

मराठीत ‘कळ’ आहे, तशी ‘कळकळ’ही आहे. पहिली जनुकांत सापडली. दुसरीसाठी समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहावे लागते. आजीला ‘तुझे मनातले आहे’ असे सांगणाऱ्यांनी तिच्या कमरेकडे पाहिले होते, चेहऱ्याकडे पाहिले नव्हते.